तासाला हातात किती उरतं, ते आधी मांडा

पत्राचा सारांश: अमळनेरहून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. वय 34, एम.ए. इंग्रजी, बी.एड. एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवतात. पगार महिना 12 हजार, मे महिन्याचा मिळत नाही आणि नेमणुकीची ऑर्डर दर जूनला नव्यानं. माहेर चोपड्याकडचं, वडील शेतकरी, दोन चुलत बहिणी पुण्यात. घरात अहिराणी, बाहेर मराठी, वर्गात इंग्रजी. यंदा शाळा सोडून ऑनलाइन भाषा शिकवावी असं मनात आहे. ‘घरबसल्या परदेशी विद्यार्थ्यांना शिकवा’ अशी जाहिरात त्यांनी मोबाईलवर पाहिली. प्रशिक्षण, सर्टिफिकेट आणि महिन्याला 40 तासांची हमी, फी 14,999 रुपये, उत्तर या आठवड्यात हवं. पती म्हणतात, शाळा सोडू नको. सासूबाई म्हणतात, घरीच राहणार असशील तर बरंच झालं. त्यांचे प्रश्न असे: सगळ्यात चांगला प्लॅटफॉर्म कोणता? इंग्रजी शिकवू की आणखी काही? आणि बोलण्यात अहिराणीचा हेल येतो, तो आड येईल का?

ताई, नमस्कार.

आधी घाईचं बोलते. ते 14,999 रुपये भरू नका. आयटॉकी, प्रेप्ली यांसारखे नावाजलेले प्लॅटफॉर्म शिक्षकाकडून नोंदणीचे पैसे घेत नाहीत. तुम्ही शिकवलेल्या तासातून ते आपला वाटा कापतात. तुम्ही कमावल्याशिवाय त्यांना काही मिळत नाही, म्हणून अर्ज फुकट. जो आधी पैसे मागतो त्याची कमाई तुमच्या फीवर झालेली असते, पुढे विद्यार्थी आला न आला त्याला सारखंच. 40 तासांची हमी तर कुणीच देऊ शकत नाही, कारण शिक्षक कोण हवा हे विद्यार्थी ठरवतो. सर्टिफिकेटचं म्हणाल, तर परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सना मान्यता देणारी जगात एकच एक संस्था नाही, त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ हे शब्द कुणीही छापू शकतो. केंब्रिजचा सेल्टा हा कोर्स खरा वजनदार आहे, त्यात प्रत्यक्ष वर्ग घेऊन दाखवावा लागतो आणि त्यावर गुण मिळतात. पण तो महाग आहे आणि आज तुम्हाला त्याची गरज नाही. तुमचं बी.एड. हेच तुमचं कागदपत्र आहे, ते नीट स्कॅन करून ठेवा. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा ठिकाणी पैसे भरून फसलं असेल, तर लाजत बसू नका. ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ‘सगळ्यात चांगला प्लॅटफॉर्म’ असं विचारताना तुमच्या मनात, मला वाटतं, शाळेच्या नोकरीसारखं चित्र आहे. चांगली संस्था शोधायची, तिथे लागायचं, मग वर्ग समोर आपोआप येऊन बसतो. प्लॅटफॉर्म तसा नसतो. तुमचे वडील बाजार समितीत माल नेतात तेव्हा समिती त्यांना पगार देत नाही, जागा आणि गिऱ्हाईक देते. घरी आल्यावर ते विक्रीच्या पट्टीवरचा वरचा भाव बघत नाहीत. हमाली, तोलाई वजा जाऊन खाली किती उरले ते बघतात. प्लॅटफॉर्मची पट्टी तुम्ही तशीच वाचायची आहे.

चला, मांडू या. सोयीसाठी तासाचा दर 10 डॉलर आणि डॉलर 85 रुपये धरू. (नव्या शिक्षकाला सुरुवातीला याहून कमी दर लावावा लागतो, पण गणित समजायला हे बरं.) प्रेप्लीवर नव्या शिक्षकाकडून पहिल्या 20 तासांपर्यंत 33 टक्के कापतात. पुढे तास वाढतील तसा कमिशनचा दर 28, 25, 22 असा उतरत 400 तासांनंतर 18 टक्क्यांवर येतो. म्हणजे सुरुवातीला 10 डॉलरमधले 6.70 तुमचे, साधारण 570 रुपये. शिवाय प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाचे सगळेच्या सगळे पैसे प्रेप्ली ठेवतं. हे फार जणांना अर्ज केल्यावर कळतं आणि मग राग येतो. आयटॉकीवर नेहमीच्या तासाला 15 टक्के कमिशन आहे, म्हणजे तुमच्याकडे साडेआठ डॉलर, 720 रुपयांच्या आसपास. यातून पैसे बँकेत आणणाऱ्या मध्यस्थाचा खर्च आणि डॉलरचे रुपये करतानाची तूट जाते. हे दर अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्यांच्या मदत विभागात आजचा आकडा वाचूनच पुढे जा.

आणि एक तास म्हणजे एक तास नसतो. तयारी, गृहपाठ तपासणं, निरोपांना उत्तरं, यात अर्धा तास धरला तर 570 रुपये दीड तासाचे झाले, तासाला 380. तरीही शाळेपेक्षा ते बरंच जास्त आहे, हेही खरं. रोज 6 तास आणि महिन्याला 25 दिवस धरले तर तुमच्या 12 हजारांचा तासाचा दर 80 रुपये पडतो, आणि वह्या घरी आणून तपासता त्या यात धरलेल्या नाहीत. तेव्हा तुम्हाला जो हिशोब खुणावतोय तो खोटा नाही. फरक इतकाच की शाळेचे तास ठरलेले आहेत आणि इथले तास भरायचे आहेत. 12 हजार रुपये प्लॅटफॉर्मवरून उभे करायला पहिल्या टप्प्याच्या दरानं महिन्याला 21 तास लागतात, बँकेची कपात धरून 24 म्हणा. आठवड्याला 6 तास. आकडा लहान दिसतो, पण एकही अभिप्राय नसलेल्या नव्या शिक्षकाला तो गाठायला महिने लागू शकतात.

म्हणून पुढचा प्रश्न, काय शिकवायचं, हा प्लॅटफॉर्मपेक्षा मोठा आहे. ‘पैसा इंग्रजीतच’ असं तुम्ही लिहिलंय. थोडं थांबून बघा. इंग्रजीच्या रांगेत तुमच्यापुढे ब्रिटन, अमेरिका, फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका इथले असंख्य शिक्षक उभे आहेत, आणि मातृभाषिकच हवा असा हट्ट धरणारे विद्यार्थीही पुष्कळ. तो हट्ट मला पटत नाही, पण तो आहे. कॅम्ब्लीसारखं ठिकाण फक्त इंग्रजीचं, दरही तेच ठरवतात. मिनिटाला 17 सेंट हा त्यांचा अनेक वर्षांचा दर, म्हणजे तासाला 10 डॉलर 20 सेंट. तिथे तुमचं शिक्षण, तुमचा अनुभव, यानं दर वाढत नाही. तुमच्यासारख्या तयार शिक्षिकेनं तिथे बसावं असं मला वाटत नाही.

मराठीची रांग लहान आहे. शिकणारे कमी, पण शिकवणारे त्याहून कमी. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा सुट्टीच्या दिवशी भरतात, पण जिथे अशी शाळा जवळ नाही तिथल्या घरांत आजी-आजोबांशी बोलता यावं म्हणून शिकवणी शोधली जाते. मराठी घरात लग्न होऊन आलेले परप्रांतीय, परदेशी जावई-सुना असतात. आणि एक मोठा गट आपल्याच राज्यात आहे, ज्याचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. 2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत, सीबीएसई आणि आयसीएसईतही, मराठी सक्तीची झाली. पुणे, मुंबई, नाशिकला बदलीवर आलेल्या घरांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना मराठी येत नाही आणि आईवडिलांनाही शिकवता येत नाही. ही मुलं तुम्हाला रुपयांत फी देतील, यूपीआयवर देतील, कमिशन शून्य, आणि वेळही संध्याकाळची, आपलीच. गूगल मीटवर एकास एक वर्ग फुकटात 24 तासांपर्यंत चालतो, तिघं झाले की तासाची मर्यादा येते. झूमच्या फुकट खात्याला 40 मिनिटांची मर्यादा आहे. सुरुवात करायला याहून जास्त काही लागत नाही.

मात्र मराठी येणं वेगळं आणि मराठी शिकवता येणं वेगळं. इंग्रजीचं व्याकरण तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलंत, मराठीचं कधी उलगडून बघितलंय का? हिंदी घरातला मुलगा हमखास ‘माझी पुस्तक’ म्हणतो, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, आणि आपलं नपुंसकलिंग त्याच्या गावीच नसतं. जर्मन माणसाला ‘मी आंबा खाल्ला’ शिकवलं की तो बायकोबद्दल बोलताना ‘तिने आंबा खाल्ली’ म्हणतो. क्रियापद आंब्याप्रमाणे का बदलतं, खाणाऱ्याप्रमाणे का नाही, हे तुम्हाला दोन मिनिटांत, फळा न वापरता, समजावता यायला हवं. ‘चमचा’ म्हणताना जीभ दातांकडे जाते आणि ‘चमचे’ म्हणताना टाळूकडे, हे आपल्याला जन्मात जाणवलेलं नसतं, परदेशी विद्यार्थी पहिल्या आठवड्यात विचारतो. असे पाच-सहा धडे लिहून काढा, प्रत्येकाला दोन-तीन चित्रं, चार वाक्यं, एक छोटा सराव. या उन्हाळी सुट्टीतलं तुमचं खरं काम हेच आहे. प्रोफाइलचा व्हिडिओ नंतर.

अहिराणीच्या हेलाबद्दल तुम्ही तीन ओळी लिहिल्यात, आणि त्या वाचून मला वाईट वाटलं, कारण ‘पुण्याचं मराठी नाही माझं’ हे तुम्ही गुन्हा कबूल करावा तसं लिहिलंय. घरात ‘काय करी ऱ्हायनी’ आणि वर्गात प्रमाण मराठी, अशी दोन बोलण्यांत सहज ये-जा करणारी व्यक्ती भाषेचे सांधे जास्त ओळखते. तुम्हाला लहानपणी शाळेत गेल्यावर प्रमाण मराठी वेगळी शिकावी लागली. नव्यानं शिकणारा कुठे अडतो, हे तुम्हाला पुस्तकातून समजून घ्यावं लागणार नाही. सीबीएसईच्या मुलाला परीक्षेचं मराठी हवंय, ते तुम्ही शुद्ध लिहिता, तुमचं पत्रच त्याचा पुरावा आहे. हेल विद्यार्थ्याला कळणारही नाही, आणि कळला तर कळू द्या. उलट प्रोफाइलमध्ये लिहा की मी मराठीबरोबर अहिराणीही बोलते. बोलीभाषांवर काम करणारा एखादा अभ्यासक त्यामुळेच तुमच्याकडे येऊ शकतो. ज्या बहिणाबाईंच्या नावानं जळगावचं विद्यापीठ ओळखलं जातं, त्यांची कविताही पुण्याच्या मराठीत नाही.

आता प्लॅटफॉर्म पारखायचे कसे. कमिशन तर झालं. दुसरं, दर कोण ठरवतं? आयटॉकी आणि प्रेप्लीवर तुम्ही ठरवता. तिसरं, तुमची भाषा आत्ता घेतायत का? आयटॉकी प्रत्येक भाषेसाठी अर्ज कायम उघडे ठेवत नाही, मराठी बंद दिसली तर महिन्यानं पुन्हा बघायचं. तिथे प्रोफेशनल शिक्षक आणि कम्युनिटी ट्यूटर असे दोन दर्जे आहेत. बी.एड.च्या जोरावर तुम्ही पहिल्यासाठीच अर्ज करा. चौथं, आणि हे बारीक अक्षरात असतं: विद्यार्थी आयत्या वेळी आला नाही तर तासाचे पैसे मिळतात का, तुम्ही तास रद्द केला तर काय, तक्रार झाली आणि खातं गोठवलं तर दाद कुणाकडे मागायची, तुमच्या तासांचं रेकॉर्डिंग कुणाचं. प्लॅटफॉर्मवर भेटलेल्या विद्यार्थ्याला बाहेर ओढून खासगी शिकवणी सुरू करणं बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्ध आहे, खातं बंद होतं. ते करू नका. भीतीपोटी नव्हे, शब्द दिला म्हणून. तुमचे स्वतःचे विद्यार्थी तुम्ही स्वतः शोधा, ते तुमचेच.

भारतातल्या काही ठिकाणांची पद्धत वेगळी आहे. अर्बनप्रोवर शिकवणी हवी असणाऱ्यांशी संपर्क साधायला तुम्हाला कॉइन्स विकत घ्यावे लागतात. सुपरप्रोफवर विद्यार्थ्याकडून पास म्हणून रक्कम घेतली जाते आणि तुमच्या फीतून कमिशन जात नाही. पुण्या-मुंबईचे विद्यार्थी शोधायला सुपरप्रोफवर फुकट नाव टाकून ठेवा. कॉइन्सवर मात्र आत्ता खर्च करू नका. तेवढ्या काळात पुण्यातल्या दोन चुलत बहिणींना त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात तुमच्याबद्दल एक ओळ टाकायला सांगा.

कुठलंही एकच ठिकाण धरून बसू नका, याचं कारण 2021 मध्ये जगानं बघितलं. चीन सरकारनं जुलैमध्ये खासगी शिकवण्यांवर कडक नियम आणले, परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून चिनी मुलांना शिकवण्यावर बंदी आली, आणि व्हीआयपीकिडसारख्या कंपन्यांवर पोट असलेल्या हजारो अमेरिकी शिक्षकांचं काम काही महिन्यांत संपलं. त्यांच्या शिकवण्यात काही कमी नव्हतं. पण विद्यार्थ्यांची यादी, अभिप्राय, धडे, सगळं कंपनीकडे होतं. तुमचे धडे तुमच्या लॅपटॉपवर, तुमच्या नावानं असू द्या.

वेळेचं जुळवणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. न्यूयॉर्कला संध्याकाळचे 7 म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तिथली घड्याळं मार्चमध्ये पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात. पहाटेच्या तासांचा मोह टाळा, त्याच दिवशी पुढे शाळा आहे. त्याऐवजी तिथली रविवारची सकाळ घ्या. तिकडे 10 वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेसात किंवा साडेआठ असतात, मूल ताजंतवानं असतं, आईवडील घरी असतात. लहान मुलाच्या तासाला पालकांपैकी कुणीतरी त्याच खोलीत हवं, अशी अट तुम्हीच घाला. ती मुलासाठी चांगली आणि तुमच्यासाठीही.

आणि कूलर! मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो आणि कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, पण त्याचा आवाज माइकमधून समोरच्याला पिठाच्या गिरणीसारखा ऐकू जातो. कानावर बसणारा, तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन घ्या, कूलर दाराबाहेर सरकवा आणि तास सुरू होण्याआधी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. वळवाच्या वादळात तारा तुटल्या की वीज तासन्‌तास येत नाही. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या, आणि फायबर एका कंपनीचं असेल तर मोबाईलचं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. खर्च करायचाच असेल तर त्या 14,999 मधले थोडे इथे करा.

सासूबाईंच्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. ‘घरीच राहणार असशील तर बरंच झालं’ यात प्रेम असेल, पण घरी असलेली सून मोकळी आहे असं गृहीत धरलेलंही आहे. पाहुणे आले, दूधवाला आला, कुकरची शिट्टी झाली की तुम्हालाच हाक येणार. तास सुरू असताना खोलीचं दार बंद राहील आणि त्या वेळी घरातलं कोण बघेल, हे पहिला विद्यार्थी येण्याआधी यजमानांशी आणि सासूबाईंशी बोलून ठरवा. वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावा. यजमान ‘शाळा सोडू नको’ म्हणतात त्यात तुम्हाला फक्त विरोध दिसला. मला त्यात काळजी दिसते, आणि यंदापुरतं मी त्यांच्या बाजूनं आहे.

पैशांचे कागद पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. परदेशातून येणारी रक्कम पेपॅल, पेओनियर अशा मार्गानं तुमच्या खात्यात येते. पेपॅलनं एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केलेत, त्यामुळे पुण्याच्या पालकांसाठी ते नाही, त्यांना यूपीआयच. प्रत्येक परदेशी रकमेचा दाखला डाउनलोड करून ठेवा. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण उत्पन्न 4 लाखांवर गेलं की विवरणपत्र भरावंच लागतं. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख आहे, तुम्ही त्यापासून खूप लांब आहात. तरी वर्षातून एकदा अमळनेरच्याच एखाद्या सीएकडे हे कागद घेऊन बसा.

तर माझं म्हणणं असं: यंदाची ऑर्डर घ्या. जूनमध्ये आयटॉकी किंवा प्रेप्ली, दोन्ही नव्हे, एकावर मराठीचं प्रोफाइल उघडा. आयटॉकी मराठी घेत असेल तर तेच. बरोबरीनं स्वतःचे दोन-तीन सीबीएसईचे विद्यार्थी मिळवा, संध्याकाळी आणि रविवारी. एका वहीत चार रकाने आखा: शिकवलेले तास, तयारीचा वेळ, हातात आलेले रुपये आणि विद्यार्थी कुठून आला. दिवाळीच्या सुट्टीत ती वही यजमानांसमोर उघडा. सप्टेंबर आणि ऑक्टोबर, दोन्ही महिन्यांत 24 तास भरले असतील आणि त्यातले निम्मे तरी तुमच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांचे असतील, तर पुढच्या जूनची ऑर्डर घेऊ नका. 10-12 वरच अडकले असतील, तर शाळा ठेवा आणि ही वरकड कमाई म्हणून चालू द्या. दर मात्र दिवाळीपर्यंत उतरवू नका. आणि तास भरतायत पण सगळे प्लॅटफॉर्मचेच आहेत असं दिसलं, तर आणखी एक सत्र थांबा आणि तेवढ्यात पुण्या-नाशिकची यादी वाढवा.